दोन भोंग्यांमधला दिवस

ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग आपल्या खान्देशातून गेला आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ ही त्याची कादंबरी १८७२ च्या अखेरीस एका फ्रेंच दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जोडला गेला होता. या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर फॉगची पैज कागदावरसुद्धा उभी राहिली नसती. त्याची ‘मंगोलिया’ बोट २० ऑक्टोबरला दुपारी साडेचारला, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी, मुंबईला लागते. कलकत्त्याची गाडी रात्री आठला सुटणार असते. मधे उरतात साडेतीन तास.

या साडेतीन तासांचे दोन प्रवासी दोन प्रकारे काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. फॉग पारपत्रावर शिक्का घेतो, थेट स्टेशनावर जातो आणि जेवायला बसतो. मुंबई पाहण्याची त्याला इच्छाच नाही. त्याचा नोकर पासपार्तू मात्र मालकासाठी सदरे आणि बूट घेऊन शहर बघायला निघतो, पारशांचा उत्सव बघत रमतो, मग मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, मार खातो, बूट आणि पुडके दोन्ही गमावतो आणि गाडी सुटायला पाच मिनिटे असताना धापा टाकत फलाटावर पोहोचतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बऱ्हाणपूरला गाडी थांबते तेव्हा तो सपाता विकत घेतो. म्हणजे साऱ्या खान्देशातून हा गृहस्थ अनवाणीच गेला. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. पण बोट लागल्यापासून पुढचा भोंगा होईपर्यंतच्या वेळेत माणसे कशी वागतात, हे त्याला नेमके कळले होते. काही जण काहीच बघत नाहीत आणि काही जण सगळेच बघायला जाऊन गाडी चुकवण्याच्या बेतात येतात.

मी गेली वीसेक वर्षे खान्देशातून गेलेल्या प्रवाशांच्या नोंदी, जुनी वेळापत्रके आणि मार्गदर्शिका गोळा करतो आहे. हा छंद आहे. त्यामागे कुठली पदवी नाही. पण त्यामुळे एक काम आपसूक गळ्यात पडले. ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे लोक विचारतात, ‘अमुक इतके तास आहेत, काय बघू?’ मागल्या हिवाळ्यात परदेशात राहणाऱ्या एका नात्यातल्या मुलीचा फोन आला. तिची क्रूझ मुंबईला एक दिवस थांबणार होती. ‘काका, बोट सकाळी आठला लागते, संध्याकाळी सहाला सुटते. तेवढ्यात अजिंठा होईल ना?’

तिला मी जे उत्तर दिले, ते समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. कारण प्रश्न तिचा एकटीचा नाही आणि उत्तर फक्त बोटीपुरते नाही.

वजाबाकीचा हिशोब

एक दिवसाचा बेत आखताना बहुतेक माणसे बेरीज करतात. हे बघू, ते बघू, जाता जाता आणखी तेही बघू. खरे तर अशा दिवसाची सुरुवात वजाबाकीने करावी लागते आणि तीही उलट्या टोकाकडून. आधी परतायची वेळ लिहायची, मग मागे मागे यायचे.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा म्हणजे दहा तास. पहिली वजाबाकी उतरण्याची. बोट धक्क्याला लागली म्हणजे प्रवासी रस्त्यावर आला असे नव्हे. हजार-दोन हजार माणसे एका शिडीवरून उतरतात, परदेशी प्रवाशाला पारपत्राची तपासणी असते, मग गोदीच्या फाटकापर्यंत जायचे. याला तास-दीड तास धरावा. दुसरी वजाबाकी चढण्याची. सुटायची वेळ सहा असली तरी प्रवाशांनी तासभर, निदान अर्धा तास आधी आत असावे लागते. तिसरी वजाबाकी रस्त्याची. मुंबईत नकाशावरचे अंतर आणि घड्याळातले अंतर यांचा मेळ बसत नाही; म्हणून परतीसाठी एक सबंध तास मोकळा सोडायचा, त्यात काहीही कोंबायचे नाही. चौथी वजाबाकी माणसाची स्वतःची. जेवण, पाणी, सावलीत टेकणे. हा तास कागदावर कुणी धरत नाही आणि प्रत्यक्षात तो कुणाला चुकत नाही.

एवढे वजा केले की दहातले जेमतेम सहा उरतात. या सहा तासांत मुंबईत एक मोठी गोष्ट आणि एक छोटी गोष्ट होते. मोठी गोष्ट घारापुरी धरली, तर गेटवेहून लाँचने जायला सुमारे तास, यायला तास, वर चढायला शंभरावर पायऱ्या, लेण्यात दीड तास, आणि लाँचची वाट बघण्यात जाणारा वेळ वेगळा. साडेचार-पाच तास तिथेच गेले. उरलेल्या तासाभरात गेटवे आणि कुलाब्याचा एखादा रस्ता, बस. सोमवार असला तर घारापुरीचे लेणे बंद असते आणि समुद्र खवळलेला असला तर लाँच सुटत नाही. तेव्हा दुसरा बेत हाताशी हवा. तो बेत पायी चालण्याचा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोन तास, तिथून काळा घोडा, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि समोर आर्ट डेको. दोन काळ समोरासमोर उभे असलेले हे दृश्य २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून इंदिरा गोदी जवळ आहे. पाऊल उचलून चालले तर गाडीची गरजही पडत नाही. घारापुरी आणि संग्रहालय दोन्ही ‘करू’ म्हणणाऱ्याला मी पासपार्तूची गोष्ट सांगतो.

आणखी एक गोष्ट. बोटीच्या कंपनीतर्फे काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट साधारणपणे त्या मंडळींसाठी खोळंबते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. स्वतंत्र फिरण्यात पैसा वाचतो आणि मोकळीक मिळते, पण त्या मोकळिकीची किंमत वर सांगितलेल्या मोकळ्या तासाने चुकवायची असते.

मग अजिंठ्याचे काय?

आता अजिंठा. मुंबई ते जळगाव लोहमार्गाने ४२० किलोमीटर. चांगली गाडी सहा-सात तास घेते. जळगावहून लेणी साधारण साठ किलोमीटर, म्हणजे रस्त्याने दीड तास. एका बाजूचेच साडेआठ तास झाले. विमानाचा विचार करू. गोदीतून विमानतळ सव्वा तास, विमान सुटायच्या आधी दोन तास, छत्रपती संभाजीनगरपर्यंत उड्डाण तासाभराचे, बाहेर यायला अर्धा तास आणि तिथून शंभर किलोमीटर रस्ता म्हणजे अडीच तास. बेरीज सव्वासात तास. परतीचे तेवढेच. साडेचौदा तास प्रवास आणि हातात सहा. बोट एक रात्र मुक्कामाला असेल तरच हा विचार करावा, आणि तेव्हाही त्या दिवसात दुसरे काही धरू नये.

मुलीला मी ‘नाही’ म्हणालो. पण त्याला जोडून एक गोष्ट सांगितली: ‘समुद्रातून अजिंठ्याला यायची वाट नाही, पण अजिंठ्यालाही एक बंदर आहे. त्याचे नाव जळगाव जंक्शन.’

हे मी अलंकारिक बोलत नाही. बंदर म्हणजे जिथे लांबचा प्रवासी ठराविक तासांसाठी उतरतो, सामान ठेवतो, आत जाऊन येतो आणि भोंगा झाला की निघून जातो अशी जागा. जळगाव गेली दीडशे वर्षे हेच करत आहे. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी.आय.पी. रेल्वे खान्देशात आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि खान्देशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव मोठे झाले ते या कापसावर आणि या रुळांवर. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. सुरतेकडून तापीच्या काठाकाठाने येणारा लोहमार्ग जळगावला मुख्य मार्गाला मिळाला आणि स्टेशनचे जंक्शन झाले.

लेणी मात्र खान्देशात नव्हती. ती निजामाच्या मुलखात. आजही ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात मोडतात. प्रवासी इंग्रजी हद्दीतल्या स्टेशनावर उतरायचा आणि सरहद्द ओलांडून फर्दापूरला जायचा. पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची छप्पन्न किलोमीटरची गाडी सुरू झाल्यावर पहूर स्टेशन लेण्यांना आणखी जवळ आले. आमच्या पिढीने ‘पीजे’ म्हणून ओळखलेली ही गाडी कोविडच्या काळात थांबली आणि पुढे तिच्या मार्गावर मोठे रूळ टाकण्याचे काम हाती घेतले गेले. सीमा बदलल्या, रूळ बदलले, लेण्यांचा जिल्हा आणि स्टेशनचा जिल्हा मात्र वेगळेच राहिले. याचा परिणाम पुढे सांगतो.

थांबलेली माणसे

एक दिवसाच्या प्रवाशाला मी आधी थोडा इतिहास ऐकवतो. तो ऐकला की बेतातली हाव आपोआप कमी होते.

जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीसाठी आला असता २८ एप्रिल १८१९ रोजी लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अजून आहे. एका दिवसात येऊन नाव खरडून जाणारा हा अजिंठ्याचा पहिला पर्यटक म्हणायला हरकत नाही. त्याच्यानंतर आले ते थांबले. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि उरलेले आयुष्य त्याने याच भागात काढले. त्याने केलेल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यानंतरही तो इथेच राहिला, छायाचित्रे घेत राहिला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. गिल आणि पारो यांच्या कहाणीवर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. महानोरांचे पळसखेडे लेण्यांच्या त्याच टापूतले.

गिलनंतर जॉन ग्रिफिथ्स. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षे हंगामाहंगामाने त्याने नकला करवून घेतल्या. त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. मग लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळातल्या दोन हिवाळ्यांत आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० नंतर, दोन इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेला गिलावा सांभाळण्याचे काम केले.

तीस वर्षे, तेरा वर्षे, दोन हिवाळे. आणि आपण विचारतो, ‘तासाभरात होईल ना?’

यात त्यांच्याइतका वेळ द्या असे मला म्हणायचे नाही. ते शक्य नाही. पण वेळ कमी असला की कमी जागा बघायच्या, एवढे तरी त्यातून कळावे. याला शरीराचे कारणही आहे. भर उन्हातून काळोख्या विहारात शिरल्यावर डोळा पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडासा सरावतो. मंद उजेडात पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. सतराव्या लेण्यात तीन मिनिटांत चक्कर मारून बाहेर येणाऱ्याने चित्र पाहिलेलेच नसते. त्याच्या डोळ्यांसमोर तपकिरी भिंत होती, आणि ‘सगळे पुसट झाले आहे हो’ म्हणत तो पुढे जातो. चित्र पुसट नव्हते, डोळा तयार नव्हता.

जळगाव बंदराचा दिवस

आता बेत. मुंबईहून रात्री निघालेल्या गाडीने पहाटे जळगाव, आणि रात्रीच्या गाडीने परत किंवा पुढे. हातात साधारण पंधरा-सोळा तास. वजाबाकी तीच: परतीची गाडी रात्री नऊची धरली तर आठला स्टेशनावर, सातपर्यंत जेवण, आणि लेण्यांहून शहरात परत यायची शेवटची वेळ संध्याकाळचे पाच.

सोमवारी लेणी बंद असतात. हे एक वाक्य आधी वाचले असते तर कितीतरी कुटुंबांचा दिवस वाचला असता. वेरूळ मंगळवारी बंद असते. म्हणून ‘अजिंठा-वेरूळ एका दिवसात’ अशी जाहिरात दिसली की दोन गोष्टी तपासाव्या: वार कोणता आणि मधले शंभर किलोमीटर कुठे गेले.

पहाटे उतरल्यावर आंघोळ आणि न्याहारी इथेच उरकावी. साडेसातला निघाले की नेरी, पहूर, वाकोद करत नऊच्या सुमारास फर्दापूरचा तिठा येतो. खासगी वाहन इथेच ठेवायचे. पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. तिकीट, बसची रांग, चढ, याला पाऊण तास धरावा. म्हणजे पावणेदहा. दुपारी अडीचपर्यंत पावणेपाच तास मिळतात. त्यातला पाऊण तास जेवण आणि विसाव्याचा. राहिले चार.

लेणी तीस आहेत. चार तासांत तीस म्हणजे एकेकाला आठ मिनिटे. असे करू नये. मी सहा सांगतो. गर्दी फाटकातून आली की पहिल्या लेण्यापाशी साठते, म्हणून तिथे न थांबता आधी दहाव्या लेण्यात जावे. हे इथले सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक, इसवी सनापूर्वीचे. स्मिथचे नाव तिथेच. मग सोळावे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख आहे. हे लेणे कुणी खोदवले हे तिथे दगडावर लिहिलेले आहे आणि बहुतेक लोक त्याच्या शेजारून निघून जातात. मग सतरावे, इथे अर्धा तास नुसते उभे राहायचे, डोळ्यांना काम करू द्यायचे. पुढे एकोणिसाव्याचे दर्शनी शिल्प, आणि टोकाला सव्विसावे, जिथे सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणातला बुद्ध आहे. वाटेत चोविसावे अर्धवट सोडलेले लेणे डोकावून बघावे. डोंगर कसा पोखरत जात, हे पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा अपुऱ्या लेण्यात जास्त कळते. परत येताना, गर्दी पुढे सरकलेली असताना, पहिले लेणे आणि त्यातला पद्मपाणी.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी यातली तीन पुरेत: दहा, सतरा, एक. डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्यावा आणि बसायला संकोच करू नये.

खाली दिसणारी नदी वाघूर. पावसाळ्यानंतर तिला पाणी असते, उन्हाळ्यात दगड. हीच वाघूर पुढे जळगावकडे येते, तिच्यावर धरण आहे आणि त्याच धरणाचे पाणी जळगावकर पितात. पाहुण्याला मी हे मुद्दाम सांगतो. लेण्यांचा जिल्हा वेगळा असला तरी पाणी एकच आहे.

संध्याकाळचे तीन तास

अडीचला निघाले की बस, तिठा, रस्ता धरून साडेचार-पाचला जळगाव. इथे बहुतेक मंडळींचा दिवस संपतो. ती स्टेशनाशेजारच्या खोलीत पडून राहतात किंवा फलाटावर बसतात. ‘डेक्कन ओडिसी’ ही आलिशान गाडी २००४ पासून आहे. तिच्या काही सहलींत अजिंठ्यासाठी जळगावचा थांबा असतो. रुळांवरचे क्रूझच ते. तिचे प्रवासी उतरतात, बसमध्ये बसतात, लेणी बघतात, परत येतात आणि डब्यात चढतात. हजारो माणसांच्या आठवणीत जळगाव म्हणजे एक फलाट आणि एक पाटी. लेणी एका जिल्ह्याची आणि स्टेशन दुसऱ्याचे, त्यामुळे या पाहुण्याला घरात घेणे हे कुणाचेच काम राहिलेले नाही. मला सलते ते हे.

म्हणून माझ्या बेतात पाच ते आठ हे तास जळगावचे. पण इथेही हाव नको. जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ २०१२ मध्ये सुरू झाले, ते उत्तम आहे. पण त्याला अर्धा दिवस लागतो. अजिंठ्याच्या दिवशी त्याला शिवून येणे म्हणजे दोघांचा अपमान. संध्याकाळी जुन्या जळगावात जावे. तिथल्या चौधरी वाड्यात बहिणाबाई राहिल्या. माहेर जवळच्या आसोद्याचे, जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. कविता पुस्तकरूपाने आल्या त्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जिला लिहिता येत नव्हते अशा बाईच्या तोंडच्या ओळी आज शाळेतले पोर म्हणते, हे सांगायला त्या गल्लीत उभे राहण्याइतकी चांगली जागा नाही. पाहुणा मराठी असेल तर त्याच्या कानावर दुकानादारातली बोली पडू द्यावी. खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी अशी बाहेरच्यांची समजूत असते. जळगावच्या पूर्वेला लेवा गणबोली आहे, तिचा हेल वेगळा, शब्द वेगळे. तिथून सराफ बाजार, सोन्याच्या दुकानांतली लगबग. काही घ्यायची गरज नाही.

आणि भरीत. हिवाळ्यात आला असाल तर हे चुकवू नये. आसोदा, भादली, बामणोद या भागातली मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. काडीच्या धगीचा वास त्या भरतात उतरतो; गॅसवर तो येत नाही. शेजारी कळण्याची भाकरी किंवा पुरी आणि कांद्याची पात. ज्या कापसाने हे शहर उभे केले त्याच्याच काड्यांवर भाजलेले वांगे खाऊन पाहुणा गाडीत बसतो. सातला जेवण, आठला स्टेशन. एक तास मोकळा. गाडी उशिरा आली तर तो फलाटावर जातो, वेळेवर आली तर तोच तास आपल्याला वाचवतो.

दुसरी बंदरे

सोमवार असला, किंवा लेणी आधी पाहिलेली असली, तर खान्देशात आणखी दोन थांबे याच हिशोबात बसतात.

एक चाळीसगाव. मुख्य मार्गावरच आहे, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधला दिवस सहज निघतो. स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. १९१२ ते १९८९ असे त्यांचे आयुष्य. त्यातली अनेक दशके त्यांनी या घराबाहेर फारसे न पडता काढली. रोज येणाऱ्या पंजाब मेलने आपली प्रेयसी येईल म्हणून ते वाट पाहत, अशी आख्यायिका गावात सांगतात. टेबलावर वाळू, कापूस, काड्या मांडून त्यांनी उभी केलेली निसर्गदृश्ये बघितली की घरात बसून जग कसे बघता येते, हे समजते. दुपारी पाटणादेवी. तिथे सापडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ मध्ये मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. एका बाजूला गणित, एका बाजूला छायाचित्र, दिवस भरतो.

दुसरा थांबा धुळे. जळगावहून रस्त्याने नव्वदेक किलोमीटर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आणि शंकरराव देवांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर, या दोन जागांतली हस्तलिखिते आणि कागद हे या अंकाच्या वाचकाला लेण्यांइतकेच ओढणारे आहेत. पण कागदाच्या जागी आधी कळवून जावे. सुट्टीच्या दिवशी कुलूप बघून परतण्यासारखे दुःख नाही.

घाईची किंमत

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो प्रवाशाच्या सोयीपेक्षा मोठा आहे. एका दिवसाच्या पाहुण्याने वेळ कसा घालवावा हे त्याचे त्याने बघावे, आपल्याला काय? आपल्याला असे, की अजिंठ्याची चित्रे भिंतीवर दगडाइतकी पक्की नाहीत. माती, भुसा, चुना यांच्या गिलाव्यावर ती रंगवलेली आहेत. बंद जागेत माणसे दाटली की त्यांच्या श्वासाची वाफ, अंगाची ऊब, पायांची धूळ हे सगळे त्या गिलाव्यावर जाते. म्हणूनच मोटारी चार किलोमीटर अलीकडे अडवल्या, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी किती माणसे सोडायची यावर बंधन आले, फ्लॅशला मनाई झाली. तरीही प्रत्येक जण तीसच्या तीस लेण्यांत शिरला, तर प्रत्येक लेण्यात प्रत्येक जण असतो आणि कुणीच काही पाहिलेले नसते. पाच-सहा लेणी नीट बघणारा माणूस उरलेल्या चोविसांना आपल्या श्वासाचा भार देत नाही. त्याचा दिवसही चांगला जातो आणि चित्राचाही.

तेच शहराचे. तीन तास थांबून जेवलेला, एखाद्या गल्लीतून चाललेला पाहुणा भाजीवालीला, रिक्षावाल्याला, खाणावळीच्या बाईला काही देऊन जातो आणि काही घेऊन जातो. फलाटावर बसलेला फक्त पाण्याची बाटली घेतो.

नात्यातल्या त्या मुलीने मुंबईत घारापुरी केली. वेळेत परत बोटीवर चढली. पुढच्या दिवाळीत महिनाभर येणार आहे म्हणते. तिला मी एक कागद पाठवला आहे: वार मंगळवार ते रविवार, सहा लेण्यांची नावे, वाड्याचा पत्ता, परतीच्या गाडीची वेळ. आणि सर्वांत वर एकच सूचना लिहिली आहे, ती कुठल्याही बंदराला लागू पडते: आधी परतीची वेळ लिहा, एक तास रिकामा सोडा, आणि यादीतली निम्मी नावे खोडा. जे उरेल तेवढेच खरे बघून होईल.